चौथा 'का'

शिवलीलाची मुलगी दोन वर्षांची होत आली तेव्हा तिला ऐकू येत नाही हे तिच्या घरात सगळ्यांना कळलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं कारण शोधायचं काम माझ्याकडं आलं.

बहिरेपणाचं कारण डॉक्टर बघतील. माझ्याकडं आलं होतं ते आमच्या सॉफ्टवेअरचं.

राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानाच्या वर आमची कंपनी आहे. दवाखान्यांना लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो. त्यातलं एक शहरातल्या एका प्रसूतिगृहाला दिलेलं. तिथं जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान घरी जायच्या आधी तपासतात. बाळ झोपलं की कानात एक बारीक नळी धरायची, मशीन सांगतं, ठीक किंवा शंका. शंका म्हणजे बाळ बहिरंच असं नसतं, पुष्कळदा कानात नुसतं पाणी असतं. पण शंका आली की दीड महिन्यानं पुन्हा तपासायचं असतं. दीड महिना भरला की आमचं सॉफ्टवेअर आपण होऊन मेसेज पाठवतं, आठवड्यानं आणखी एक पाठवतं, आणि तरी कुणी फिरकलं नाही तर 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून ती नोंद बंद करून टाकतं. खरं बहिरं बाळ सहा महिन्यांच्या आत हाती लागलं तर यंत्र लावून, शिकवून ते बरंचसं इतर पोरांसारखं बोलू लागतं. त्यानंतर जितका उशीर तितकं अवघड.

शिवलीलाच्या मुलीच्या, शांभवीच्या नोंदीत शंका होती. मेसेज दोन्ही वेळा गेला होता. नुसता गेला नव्हता, पोचल्याची खूणही होती. तरी आई आली नव्हती.

घरच्यांनी दवाखान्यात जाऊन आरडाओरडा केला. दवाखान्याचे मॅनेजर आकाराम पाटील यांनी तो तसाच आमच्या उदयसिंह सरांच्या कानावर घातला. कंपनी सरांची. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मूळ कारण शोधून एक अहवाल दे, तूही लेकुरवाळी आहेस, तुला बरोबर कळेल. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या धंद्यात याची एक रीत आहे. चूक सापडली की 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा 'का'. असं पाच वेळा केलं की मुळाशी पोचतो म्हणतात. माझ्या शेजारी बसणारी रुबीना या प्रकाराला हसते. ती म्हणते, पहिल्या 'का'लाच कुणाच्या नावावर बिल फाडायचं ते ठरलेलं असतं, उरलेले चार नुसते चहापाण्याला.

त्या दिवशी घरी गेले आणि माझ्या मुलाच्या, शिवांशच्या पाठीमागं जाऊन स्टीलचा चमचा फरशीवर टाकला. त्यानं वळून बघितलं. मग तो गाडी खेळायला लागल्यावर दुसऱ्या खोलीतून टाकला. तेव्हाही बघितलं. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोराला पिसं करशील. शिवांश अडीच वर्षांचा आहे, दिवसभर बडबडतो, गाणी म्हणतो. ऐकू येतं हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि चमचा टाकल्यावाचून न राहवणं वेगळं.

शिवलीला कसबा बावड्याला राहते, साखर कारखान्याच्या मागं नवी घरं झालीत तिथं. शनिवारी गेले. हंगाम चालू होता, मळीचा वास घरात भरलेला. शिवलीला माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बी. कॉम. झालेली. तिची सासू, नवरा पृथ्वीराज, सगळे बसले. शांभवी डब्यांची झाकणं एकात एक घालत होती. मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठमोठे स्पीकर लावलेला. खिडकीची काच थरथरली. आम्ही सगळे बोलायचे थांबलो. शांभवीनं मान वर केली नाही. तिचं शेवटचं झाकण बसत नव्हतं, त्यात ती गुंतली होती.

घरच्यांना आता त्याची सवय झाली असावी.

मेसेजचं विचारलं. पृथ्वीराज शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे. मेसेज त्याच्या फोनवर आले होते, हे त्यानं लगेच कबूल केलं. इंग्रजीत होते. दवाखान्यांचे मेसेज येतच असतात, कुठं शिबिर, कुठं सवलत, तसलंच असेल म्हणून त्यानं पुसून टाकले. त्या वेळी बायको आणि मुलगी गडहिंग्लजला होत्या, बायकोच्या माहेरी. तिकडची माणसं बघत असतील सगळं, असं त्याला वाटलं. बारशानंतर तो तिकडं गेलाही नव्हता.

सासू म्हणाली, "त्याचं काय चुकलं? बापय माणूस त्यो. आईचं ध्यान कुठं होतं म्हणते मी."

शिवलीला तोवर खाली बघत होती. ती माझ्याकडं वळली. "ताई, दवाखान्यातनं सोडताना म्हणाले, दीड म्हैन्यानं मेसेज येईल, आला की या. मी वाट बघत हुते. माझा फोन माझ्या उशाला हुता की. मेसेज आला न्हाई म्हंजे सगळं ठीक असंल म्हटलं."

मी विचारलं, दवाखान्यात तुमचा नंबर घेतला नव्हता का. तिनं आठवून सांगितलं. ॲडमिट करायला तिचे वडील आले होते. काउंटरवरच्या बाईनं नेहमीच्या सुरात विचारलं, मालकांचा नंबर सांगा. शिवलीलानं सांगितला. तिला तो पाठ आहे. स्वतःचा कुणी विचारला नाही आणि आपणहून सांगावा असं काही तिच्या मनात आलं नाही.

निघताना ती फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "त्यात माझी चूक हाय असं लिवणार काय तुमी?"

मी नाही म्हणाले. ठामपणे म्हणाले.

म्हणजे पहिला 'का': बाळाला पुन्हा का आणलं नाही? आईला कळलं नाही. दुसरा: का कळलं नाही? मेसेज बाळाच्या वडिलांना गेला. तिसरा: वडिलांना का गेला? काउंटरवर त्यांचाच नंबर घेतला. चौथ्याला मी अडले. काउंटरवरची बाई तोच नंबर का घेते? तर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढीच एक जागा आहे आणि तिथं 'पतीचा मोबाइल' असं लिहिलंय. ती तिच्या मनानं काही करत नव्हती. आम्ही जे विचारायला सांगितलं तेच विचारत होती.

सॉफ्टवेअर लिहायच्या आधी गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे बसून लिहून घ्यावं लागतं. त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. त्यात चूक राहिली तर पुढचं सगळं बिनचूक होऊनही चुकतं, आणि ती सापडत नाही, कारण मशीन सांगितलेलं सगळं इमानदारीनं करत असतं. या दवाखान्याची रिक्वायरमेंट उदयसिंह सरांनी स्वतः लिहून घेतली होती. मी त्या वेळी बाळंतपणाच्या रजेवर होते.

सरांना विचारायच्या आधी मी आकाराम पाटलांना फोन लावला. विचारलं, पहिलटकरीण बहुतेक माहेरी असते, नवरा जवळ नसतो, मेसेज जातो तेव्हा तर हमखास नसतो, हे त्या मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं का.

ते मोठ्यानं हसले. "अवो म्याडम, बाई बाळंतपणाला म्हायरी जाती हे काय लिवून घ्यायचं असतंय? शेंबड्या पोराला ठावं हाय."

मग त्यांनाच आठवण झाली. त्या दिवशी टेबलावर पेढे होते म्हणे. उदयसिंह सरांची बायको सांगलीला बाळंत झाली होती, माहेरी. सरांना मुलगा झाला म्हणून पेढे. ते खात खातच सगळ्यांनी ठरवलं की नंबर मालकांचा घ्यायचा, बायकांचे नंबर बदलत असतात. डॉक्टर होते, पाटील होते, सर होते. बाई त्या खोलीत कुणी नव्हती.

फोन ठेवला. मला वाटलं होतं की कुणीतरी काहीतरी विसरलं असेल, कुणी निष्काळजीपणा केला असेल. तसं काही नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत होती. इतकी माहीत होती की ती बोलण्यासारखी राहिली नव्हती. एकजण तर तिचेच पेढे वाटत होता.

आणि मी त्या खोलीत असते तर? बाई असती तर फरक पडला असता असं म्हणायला बरं वाटतं. पण मी तेव्हा पेठ वडगावला माहेरी होते, आणि तिथल्या दवाखान्यात शिवांशच्या कागदावर नंबर सांगायची वेळ आली तेव्हा मीही नवऱ्याचाच, प्रभुलिंगचा सांगितला. शाळेत कविता म्हणावी तसा, न अडखळता. माझा फोन माझ्या हातातच होता. मी बोलले असते असं मला काही शपथेवर सांगता येणार नाही.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. शांभवीसारख्या किती नोंदी बंद झाल्यात ते काढलं. शंका, दोन मेसेज, प्रतिसाद नाही. यादी पडदा भरून खाली सरकत गेली, मी बोट उचलेपर्यंत सरकतच होती. यातल्या बहुतेक बाळांना काही झालेलं नसणार, हे मी स्वतःला सांगत राहिले. काहींनी दुसरीकडं तपासलंही असेल. पण थोडी तरी शांभवीसारखी असणारच. ती कोणती, हे वरून दिसत नव्हतं. जन्मतारखा बघितल्या. बरीच मोठी झाली होती, वर्षाची, दीड वर्षाची. पण शेवटी शेवटी काही अशी होती की त्यांचे अजून सहा महिने भरायचे होते. कुणी तीन महिन्यांचं, कुणी चार. त्यांना आत्ता बोलावलं तर वेळ गेलेली नव्हती.

तिथून पुढं मला अहवालाचं काही राहिलं नाही. मला एवढंच पाहिजे होतं की त्या लहान बाळांच्या घरी कुणीतरी फोन करावा. आणि ते अहवालावरच अडलं होतं. चूक एका घरची म्हटली तर विषय एका बाळाचा. चूक रिक्वायरमेंटची म्हटली तर त्या सगळ्यांना बोलवावं लागणार.

रात्री झोपेतही मी शिवांशच्या कानाशी टिचक्या वाजवत होते, असं प्रभुलिंग म्हणाला. तो म्हणाला, तुला पगार मिळतो तेवढंच कर. वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्याला माझी काळजी वाटत होती.

सोमवारी मीटिंग झाली. सर, पाटील आणि मी. डॉक्टर येणार होते पण त्यांना सिझेरियन निघालं. मी पडद्यावर दाखवत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यापर्यंत सर मान हलवत होते. चौथा 'का' आला, 'पतीचा मोबाइल' आला, माहेर आलं, तसे ते हातातलं पेन उघडझाप करायला लागले. पेढ्यांचं मी बोलले नाही. पण सरांना ते आठवलं असावं. त्यांनी पाटलांकडं बघितलं आणि पाटलांनी पाण्याचा ग्लास उचलला.

सर म्हणाले, "तिसऱ्यावर थांब. नंबर त्यांनी दिला, मेसेज त्यांना मिळाला, ते आले नाहीत. चौथा 'का' सॉफ्टवेअरचा नाही, दानेश्वरी. तो समाजाचा आहे. समाजाचं नवीन व्हर्जन आपल्याला काढता येत नाही."

मी म्हणाले की समाजाचं राहू द्या, आपण विचारलं चुकीचं.

सर मला माणूस म्हणून वाईट वाटत नाहीत. रजा वाढवून मागितली तेव्हा एका शब्दानं हरकत घेतली नव्हती त्यांनी. ते समजावणीच्या सुरात बोलले. दुरुस्ती करायचं त्यांनी लगेच मान्य केलं. मेसेज मराठीतून जाईल, दुसऱ्या नंबरला एक जागा ठेवू. पण ती सक्तीची नको, पाटील म्हणाले, काउंटरला आधीच रांग असते. मग ती ऐच्छिक ठरली. पुढच्या व्हर्जनमध्ये येईल. अहवालात मूळ कारण म्हणून 'नातेवाइकांकडून प्रतिसाद नाही' असं लिहायचं ठरलं. सरांनी ते स्वतः टाइप केलं, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या नावाखाली.

शिवलीलाला मी फाटकापाशी काय सांगितलं होतं ते मला आठवलं. पण मी त्यावर भांडले नाही. मला दुसरंच मागायचं होतं, त्यासाठी दोघांचा मूड राखायचा होता. मी म्हणाले, "सर, अहवाल तुम्ही म्हणताय तसा. ज्यांचे सहा महिने भरायचेत तेवढ्यांना फोन करा. दोन दिवसांचं काम आहे. मी बसून करते."

पाटील म्हणाले, "आणि काय सांगायचं? आमचा मेसेज चुकीच्या माणसाला गेलता? एकाला बोलावलं की धाजण इचारत येत्यात, आमचं का ऱ्हायलं म्हणून. दवाखान्याच्या दारात जत्रा भरंल."

सरांनी सांगितलं की ती माहिती दवाखान्याची आहे, पेशंटला फोन करायचा आपल्याला अधिकारच नाही. हे खरं होतं. करारात तसंच आहे. पाटील म्हणाले, डॉक्टरांच्या कानावर घालतो. पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढची मीटिंग कधी, असं मी विचारलं. डॉक्टर परिषदेला चाललेत, आल्यावर बघू म्हणाले.

मी मोजायला लागले, मग मोजायचं सोडून दिलं. बाळाचं वय मीटिंगसाठी थांबत नाही.

जागेवर आले तेव्हा रुबीनानं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. मला खरं तर रडू आलं होतं. ती म्हणाली, "तुला काय वाटलं, मूळ सापडलं की उपटतात? सापडलं की त्यावर माती लोटायची असते, वेडे." आणि तिनं आपल्या डब्यातला खिमा माझ्याकडं सरकवला, मी खात नाही हे माहीत असून. मग स्वतःच हसली आणि डबा परत ओढून घेतला.

दुपारी मी जिन्यात गेले. असा फोन केला तर नोकरी जाईल, हे मला माहीत होतं. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. तरी शेवटून पहिली नोंद मी फोनमध्ये उतरवून घेतली होती. नावाच्या जागी 'बेबी ऑफ मदिना' एवढंच होतं. जन्मल्या जन्मल्या बाळाला नाव नसतं, आणि सॉफ्टवेअर पुढं कधी विचारत नाही. तीन महिन्यांचं बाळ. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं. खाली नंबर.

फोन उचलला तो बाप्याच. त्याचं नाव नईम. टेंपो चालवत होता, मागं हॉर्न वाजत होते. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं, निम्मं खरं, निम्मं गुळमुळीत. तो आधी सावध झाला. ओटीपी वगैरे मागणार असाल तर आत्ताच ठेवा म्हणाला. नाही मागत म्हटल्यावर सैलावला, टेंपो कडेला घेतला. बरा माणूस वाटला. मी विचारलं, मेसेज मिळाले होते का. कसले मेसेज, म्हणाला. मग आठवून म्हणाला, असतील, रोज शंभर येतात.

मी विचारलं, "बाळ मोठ्या आवाजाला दचकतं का? दार आपटलं, काही पडलं तर?"

"मी कुठं बघितलंय म्याडम. बायको म्हायरी हाय, निपाणीला. अकिक्याला, म्हंजे बारशालाच म्हणा, गेलतो तेवढंच." मग त्यानं लाजल्यासारखं सांगितलं, "तवा झोपल्यालं हुतं. लई गडबड हुती पण उठलं न्हाई. लई शांत हाय म्हणत्यात आमचं पोरगं."

शांत असेल. नुसतं शांत असेल. झोपाळू पोरं असतात. मी त्याला सांगितलं, ओरडून सांगितलं असणार, कारण औषधाच्या दुकानातला माणूस वर बघायला लागला. याच महिन्यात आणा, कान पुन्हा तपासायचे आहेत, उशीर झाला तर पुढं फार अवघड होतं, निपाणीहून थेट आणा, घरी यायची वाट बघू नका. तो व्हय व्हय म्हणत गेला. त्याच्या व्हय म्हणण्यात काहीच शिरत नव्हतं हे मला ऐकू येत होतं. घाबरवलं असतं तर त्याला मी फसवणारी वाटले असते, आणि न घाबरवता हे सांगताच येत नाही.

मी म्हणाले, मदिनाचा नंबर द्या, मी तिच्याशी बोलते.

त्याचा आवाज जरा कोरडा झाला. "तिचा कशाला? मी सांगतो की तिला. तुमी कुठनं बोलताय म्हणालासा?"

मी पुन्हा सांगितलं. दवाखान्याचं नाव ऐकल्यावर तो परत नरमला. कुणीतरी मागून टेंपो काढायला सांगत होतं, त्याला शिवी हासडली आणि मला माफ करा म्हणाला.

"आता गडबडीत हाय, ध्येनात ऱ्हायाचं न्हाई," तो म्हणाला. "एक काम करा म्याडम. परत एकदा मेसेज टाका. ह्याच नंबरवर टाका."